सीटीला पाठवताना प्रश्नही सोबत पाठवा : पशुवैद्यक सहकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कुत्री, मांजरं, ससे, पक्षी अशा घरातल्या प्राण्यांवर उपचार करणारे सर्व पशुवैद्यक सहकारी

सप्रेम नमस्कार.

मी प्रतिमा-निदानाचं काम करणारा पशुवैद्य आहे. तुमच्याकडून आलेल्या प्राण्यांचे सीटी स्कॅन वाचण्यात आणि त्यांचे रिपोर्ट लिहिण्यात माझा दिवस जातो. या पत्रातून मला तुमच्याकडे एकच गोष्ट मागायची आहे. प्राणी सीटीला पाठवाल तेव्हा त्याच्याबरोबर एक नेमका प्रश्न पाठवा, आणि त्या प्रश्नाचं उत्तर उपचाराची दिशा बदलू शकेल अशा वेळीच पाठवा.

पुष्कळदा चिठ्ठीवर ‘सीटी, पूर्ण शरीर’ एवढंच लिहिलेलं असतं. काय शोधायचं आहे, प्राण्याला नेमकं काय होतंय, आतापर्यंत काय काय करून झालं, यातलं काहीच नसतं. कधी याच्या उलट होतं. कुत्र्याच्या एकाच नाकपुडीतून रक्त येतंय, महिनोन्महिने अँटिबायोटिक चालू आहेत, रक्त मध्येच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. शेवटी एक डोळा बाहेर यायला लागला की सीटीचं नाव निघतं. स्कॅन तेव्हाही उत्तम होतो आणि रिपोर्टही अचूक लिहिता येतो. पण त्या उत्तरातून जे करता आलं असतं त्यातलं बरंचसं तोवर हातातून गेलेलं असतं. मला वाईट वाटतं ते याचं.

नाकापासूनच सुरुवात करतो, कारण सीटीचं मोल तिथे सर्वांत स्पष्ट दिसतं. कुत्र्याच्या नाकात टर्बिनेटची कागदासारखी पातळ, गुंडाळलेली हाडं असतात. एक्स-रेत वरचा जबडा, दात, टाळू, कवटी असं सगळं एकमेकांवर पडतं आणि त्या गर्दीत ही नाजूक रचना हरवते. सीटीत ती एकेक मिलिमीटरच्या छेदात वेगळी होऊन समोर येते. मग नेहमीच्या संशयितांमधला फरक बराचसा कळतो. अॅस्परजिलस बुरशी टर्बिनेट खाऊन टाकते, त्यामुळे नाकात पोकळी वाढलेली दिसते आणि कपाळाच्या सायनसचं अस्तर जाड, खडबडीत होतं. गाठ बहुधा पोकळी भरून टाकते, मधला पडदा ढकलते किंवा फोडते, आणि डोळ्याच्या खोबणीत किंवा टाळूकडे उतरते. जुनाट दाह असेल तर टर्बिनेट बहुतांशी शाबूत राहतात आणि आतला स्राव वाढलेला दिसतो. वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाल्यामुळे नाक वाहत असेल तर तेही याच स्कॅनमध्ये सापडतं.

यापुढचा प्रश्न शल्यचिकित्सकाच्या आणि रेडिएशन देणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यांत मोठा असतो : नाक आणि मेंदू यांच्यामधलं जाळीदार हाड, ज्याला आपण क्रिब्रिफॉर्म प्लेट म्हणतो, ते शाबूत आहे का? नाकातल्या गाठींच्या टप्प्यांमध्ये ते फुटलेलं असणं हा सर्वांत पुढचा टप्पा धरला जातो. बुरशीच्या रोगातही नाकात औषध भरून ठेवायचं असेल तर आधी हे हाड पाहावं लागतं, कारण ते फुटलेलं असेल तर औषध मेंदूपर्यंत जाऊ शकतं. एक्स-रे या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर देऊ शकत नाही.

इथे क्रमही सांभाळायला हवा. आधी सीटी, मग दुर्बिणीनं तपासणी, मग बायोप्सी. बायोप्सी आधी केली तर नाकात रक्त साचतं, आणि सीटीत ते रक्त, स्राव आणि गाठ एकमेकांत मिसळून जातात. शिवाय आधी स्कॅन पाहिला की तुकडा नेमका कुठून घ्यायचा ते कळतं. प्राण्याची तब्येत चांगली असेल आणि तयारी असेल तर तिन्ही गोष्टी एकाच भुलेत होऊ शकतात. प्राण्याला पुन्हा भूल द्यावी लागत नाही आणि पालकांना पुन्हा धाकधूक सोसावी लागत नाही.

मांजरांचं नाक वेगळं. तिथे घशाच्या वरच्या बाजूचा पॉलिप (मांसल वाढ), नासाग्रसनीचं म्हणजे नाकामागच्या घशाच्या भागाचं अरुंद होणं, लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कर्करोग) हे विचार आधी येतात. त्यांच्या मधल्या कानाची पोकळी पातळ हाडाच्या पडद्यानं दोन कप्प्यांत विभागलेली असते. पॉलिप तिथून निघाला असेल तर शस्त्रक्रियेच्या वेळी दोन्ही कप्पे साफ करावे लागतात. आता याच कानाबद्दल एक सावधगिरी. नाकाचा आजार असलेल्या मांजरांच्या मधल्या कानात द्रव दिसणं फार सामान्य आहे, आणि कित्येकदा त्यांना कानाचा काहीच त्रास नसतो. लहान नाकाच्या काही कुत्र्यांतही असंच आढळतं. मांजर नाकासाठी आलंय की मान वाकडी झाली म्हणून, हे चिठ्ठीत नसेल तर त्या द्रवाला किती महत्त्व द्यायचं ते मला ठरवता येत नाही. प्रश्न मागतो तो यासाठी.

सीटीला एवढं कळतं कसं, हे पालक विचारतात तेव्हा मी थोडक्यात सांगतो. एक्स-रेची नळी शरीराभोवती फिरते, वेगवेगळ्या कोनांतून किरण किती शोषले गेले ते मोजलं जातं, आणि गणितानं त्यातून आडवे छेद उभे राहतात. गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांनी हे तंत्र प्रत्यक्षात आणलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा तपासला गेला. १९७९ मध्ये त्यांना आणि अॅलन कॉरमॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हाउन्सफिल्ड यांच्या नावाच्या मापात पाणी ० असतं, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १०० च्या आसपास, मऊ ऊती शून्याच्या थोड्या वर आणि हाड काही शेकड्यांपासून पुढे. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला असा एक आकडा असतो. पण कुठल्याही आकड्यावर रोगाचं नाव लिहिलेलं नसतं. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

छातीचं उदाहरण घ्या. स्तनाची किंवा हाडाची गाठ असलेल्या कुत्र्याचा पाय काढायचा की नाही, गाठ कापायची की नाही, हे ठरवताना फुप्फुसांत रोग पसरला आहे का हे पाहावं लागतं. साध्या एक्स-रेत गाठीचा व्यास साधारण ७ ते ९ मिलिमीटर होईपर्यंत ती भरवशानं दिसत नाही. सीटीत १-२ मिलिमीटरचा ठिपकाही दिसू शकतो. त्यामुळे मोठ्या शस्त्रक्रियेआधी छातीचा सीटी मागणं अगदी योग्य आहे. पण इथेही एक अट आहे. भूल दिलेला कुत्रा एका कुशीवर पडून राहिला की खालचं फुप्फुस काही मिनिटांत चेपतं, आणि चेपलेल्या भागात लहान गाठ लपते. म्हणून आम्ही प्राण्याला पोटावर झोपवतो, फुप्फुसं हळूच फुगवतो आणि श्वास क्षणभर थांबवून स्कॅन घेतो. तुमच्याकडे आधीच भूल देऊन एक्स-रेसाठी तासभर कुशीवर ठेवलेला प्राणी लगेच स्कॅनसाठी आला, तर ते आम्हाला सांगा. ती माहिती आम्हाला फार कामाची असते.

आणि लहान ठिपका दिसला म्हणून तो कर्करोगच, असंही नाही. वयस्कर कुत्र्यांच्या फुप्फुसात हाडासारखे कडक, निरुपद्रवी दाणे अनेकदा असतात. सीटीत त्यांची घनता जास्त दिसते म्हणून ते वेगळे ओळखता येतात. मऊ ऊतींचा एकटा छोटा ठिपका असेल तर कधी कधी प्रामाणिक उत्तर एवढंच असतं की काही आठवड्यांनी पुन्हा पाहू. पालकांना हे ऐकायला अवघड जातं. स्कॅनआधीच तुम्ही त्यांना या शक्यतेची कल्पना दिलीत तर बरंच सोपं होतं.

छातीतलाच एक वेगळा प्रसंग : धडधाकट, मोठ्या छातीच्या कुत्र्याच्या छातीत अचानक हवा साचते, जखम कुठेच नसते. बहुधा फुप्फुसावरचा हवेचा फुगा फुटलेला असतो. सीटीनं तो सापडला तर शल्यचिकित्सकाला कुठे जायचं ते कळतं. पण तो फुटून बसलेला असेल तर सीटीतही निसटतो. म्हणून ‘सीटीत काही दिसलं नाही’ एवढ्यावर शस्त्रक्रिया टाळू नका.

सीटीनं शस्त्रक्रियेचा नकाशाच बदलून टाकला आहे असा आजार म्हणजे यकृताचा शंट. एखादं लहान जातीचं पिल्लू खाल्ल्यावर सुस्त होतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, लघवीत युरेटचे खडे होतात, साध्या भुलेतून उठायला फार वेळ लागतो, आणि रक्तात बाइल अॅसिड चढलेली असतात. आतड्यांकडून आलेलं रक्त यकृतात न जाता एका भलत्याच शिरेतून थेट मोठ्या शिरेत उतरतं, त्यामुळे हे होतं. लहान जातींत ही शीर बहुधा यकृताबाहेर असते, मोठ्या जातींत यकृताच्या आत. सोनोग्राफी करणारा कुशल हात ती शोधू शकतो. पण पिल्लू लहान, आतड्यांत हवा, यकृत आकसलेलं असलं की ते काम फार कठीण होतं. सीटी अँजिओग्राफीत कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध, आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत पोहोचेल तो क्षण पकडला की शीर कुठून निघते, किती जाड आहे, कुठून वळते आणि कुठे मिळते हे सगळं दिसतं. शल्यचिकित्सक पोट उघडण्याआधीच तिचा रस्ता पाहून ठेवतो. इथे वेळ काही सेकंदांत चुकते. चिठ्ठीत ‘यकृताचा शंट आहे का?’ असं लिहिलेलं असेल तर आम्ही त्या क्षणासाठी तयारी करतो. ‘पोटाचा सीटी’ एवढंच असेल तर नेहमीच्या वेळांवर स्कॅन होतो आणि हवा तो टप्पा हुकू शकतो.

हीच गोष्ट स्वादुपिंडातल्या इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीची. ती कधी फक्त धमनीच्या टप्प्यात चमकते आणि पुढच्या मिनिटात आजूबाजूच्या ऊतींत विरून जाते. साखर वारंवार घसरतेय हे मला माहीत असेल तर मी त्या टप्प्याचा आग्रह धरीन. अॅड्रिनल ग्रंथीच्या गाठीत प्रश्न असतो तो मोठ्या शिरेत गाठ शिरली आहे का हा. शस्त्रक्रिया किती धोक्याची ठरेल ते त्यावर अवलंबून असतं. लहानपणापासून सतत लघवी ठिबकणाऱ्या मादी पिल्लात मूत्रनलिका मूत्राशयाऐवजी भलतीकडे उघडते का, हे कॉन्ट्रास्ट मूत्रपिंडातून खाली उतरेपर्यंत थांबून पाहावं लागतं. पोट एकच असलं तरी या चार प्रश्नांसाठी स्कॅन घेण्याच्या वेळा वेगळ्या आहेत.

कण्याच्या बाबतीत घाई आणि विचार दोन्ही लागतात. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्याचे मागचे पाय एकाएकी गेले तर बहुतेक वेळा मणक्यांमधली चकती निसटलेली असते. या जातींत चकती कमी वयातच कडक होते, तिच्यात चुना साचतो, आणि म्हणून कॉन्ट्रास्टशिवायच्या साध्या सीटीतही मज्जारज्जूच्या नळीत आलेला तुकडा अनेकदा स्पष्ट दिसतो. स्कॅन काही मिनिटांत होतो आणि शस्त्रक्रिया त्याच दिवशी होऊ शकते. पायाच्या बोटात खोलवर वेदना जाणवत नसेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. अशा वेळी दोन दिवस स्टेरॉइड देऊन वाट पाहू नका.

पण त्याच डॅक्सहुंडच्या पाठीत जागेवरच कडक झालेल्या चार-पाच चकत्या दिसू शकतात, आणि त्यांतली एकही आजच्या पक्षाघाताचं कारण नसते. कोणत्या भागाकडे बोट दाखवायचं हे तुमची तपासणी ठरवते. पुढचे पाय कसे आहेत, मागच्या पायांचे प्रतिक्षेप वाढलेत की गेलेत, मान दुखतेय की कंबर, हे एका ओळीत लिहून पाठवा. त्या एका ओळीनं मी कुठे बारकाईनं पाहायचं ते ठरतं. चकती सापडली नाही तर पुढचं पाऊल एमआरआय, कारण मज्जारज्जूतली सूज, रक्तपुरवठा अचानक तुटणं, दाह हे सीटीला नीट दिसत नाही. मेंदूचंही तसंच. मोठी गाठ किंवा ताजा रक्तस्राव सीटी दाखवेल. पण कवटीच्या मागच्या भागात जाड हाडामुळे पट्टे पडतात आणि दाहाचा आजार सहज सुटतो. झटके येणाऱ्या कुत्र्यासाठी एमआरआय मिळत असेल तर सीटीवर खर्च करू नका.

कोपर हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. पाच-सहा महिन्यांचं लॅब्रॅडॉर किंवा रॉटवायलर पुढच्या पायानं लंगडतं, एक्स-रे जवळपास स्वच्छ दिसतो आणि ‘वाढीच्या वेदना’ म्हणून वेदनाशामक सुरू होतं. कोपराच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या कोरोनॉइड टोकाला गेलेली बारीक चीर किंवा सुटलेला तुकडा एक्स-रेत हाडांच्या सावल्यांखाली दडलेला असतो. सीटीत तो दिसतो. दोन्ही कोपरं एकाच वेळी तपासता येतात, आणि तपासायलाच हवीत, कारण दोन्ही बाजूंना बिघाड असणं नेहमीचं आहे. कूर्चा मात्र सीटीला दिसत नाही. तिथे आर्थ्रोस्कोपी, म्हणजे सांध्यात दुर्बीण घालून तपासणीच लागते. पण सांधा झिजून बसण्याआधी हे कळणं आणि सांध्याला झीज लागल्यावर कळणं यात त्या कुत्र्याच्या सगळ्या उरलेल्या आयुष्याचा फरक आहे.

सशांबद्दल खास लिहितो, कारण त्यांना कमी पाठवलं जातं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात. वर दिसणारा दात नीट असला तरी मूळ खाली जबड्यात किंवा वर डोळ्याच्या खोबणीकडे वाढलेलं असतं. डोळ्यातून सतत पाणी येणं, डोळा पुढे येणं, खाणं हळूहळू कमी होणं, यामागे बरेचदा तेच असतं. सीटीत प्रत्येक मूळ आणि मुळाशी असलेला पू वेगळा दिसतो, आणि मधल्या कानातला पूही सापडतो. पण सशाला भुलेआधी कुत्र्यासारखं उपाशी ठेवू नका. त्याची आतडी थांबली की वेगळंच संकट उभं राहतं. कासवाला कवचामुळे एक्स-रेत फार मर्यादा येतात, आणि शांत कासव अनेकदा भुलेशिवाय स्कॅन होऊ शकतं. पक्ष्यांचा स्कॅन शक्य असतो, पण श्वासाचा वेग पाहता तयारी फार काटेकोर हवी.

आता भूल. पालकांची सर्वांत मोठी भीती हीच असते आणि ती रास्त आहे. आजच्या यंत्रात छातीचा स्कॅन काही सेकंदांत होतो. तरीही प्राणी पूर्ण स्थिर लागतो, कारण स्कॅन चालू असताना त्या खोलीत त्याला धरायला कोणी थांबत नाही. किरणांच्या दृष्टीनं ते योग्यच आहे. बऱ्याच प्राण्यांना हलकी गुंगी पुरते. श्वास लागलेल्या मांजराला काही ठिकाणी पारदर्शक नळीसारख्या पेटीत, ऑक्सिजन देत, जागंच ठेवून स्कॅन करतात. तेवढ्या चित्रावर फुप्फुसांबद्दल पुष्कळ कळतं. तुमच्याकडून मला हवं ते असं : हृदयाची कुरकुर आहे का, मूत्रपिंडाचे आकडे काय आहेत, कोणती औषधं चालू आहेत. पालकांना ‘पाच मिनिटांचं काम आहे’ असं सांगू नका. स्कॅन पाच मिनिटांचा असेलही, पण भूल, तयारी आणि शुद्धीवर येणं यांना वेळ लागतो, आणि त्यांनी ते मनात धरून यावं.

कॉन्ट्रास्टचंही थोडं. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट बहुतेक प्राण्यांना नीट सोसतं. रक्तदाब घसरणं किंवा अॅलर्जीसारखी प्रतिक्रिया क्वचित येते आणि त्यासाठी आम्ही तयार असतो. शरीरात पाणी कमी असेल तर आधी सलाईन देऊन मग पुढे जावं. आणि थायरॉइड वाढलेल्या मांजराला पुढे रेडिओआयोडीन (उपचारासाठीचं किरणोत्सारी आयोडीन) द्यायचा विचार असेल तर कॉन्ट्रास्ट देण्याआधी मला नक्की सांगा. कॉन्ट्रास्टमधलं आयोडीन ग्रंथीत भरलं की रेडिओआयोडीन काही आठवडे नीट शोषलं जात नाही. ही गोष्ट चिठ्ठीत नसते, आणि मग त्या मांजराचा उपचार विनाकारण पुढे ढकलावा लागतो.

लाकडाच्या काडीबद्दलही सांगायला हवं. काठी धरून धावताना घशात टोचून घेतलेला कुत्रा काही आठवड्यांनी मानेवर सूज घेऊन येतो. कोरडं लाकूड सीटीत हवेसारखं काळं दिसू शकतं, आणि पाणी मुरल्यावर त्याची घनता बदलते. ‘काठी टोचली होती’ हे मला माहीत असेल तर मी त्या काळ्या रेषेकडे हवा म्हणून पाहणार नाही. त्वचेखालून सरकत जाणाऱ्या गवताच्या कुसळाचंही असंच. कुसळ स्वतः अनेकदा दिसत नाही, दिसतो तो त्याचा मार्ग.

अपघातग्रस्त प्राण्यात किंवा कर्करोग कुठवर पसरला आहे हे पाहायचं असेल तर पूर्ण शरीराचा स्कॅन अगदी योग्य असतो. प्रश्न नसताना केलेला पूर्ण शरीराचा स्कॅन मात्र नवेच प्रश्न आणतो. वयस्कर कुत्र्याच्या अॅड्रिनलवर छोटी गाठ सापडते, प्लीहेवर एक उंचवटा दिसतो, यकृतात एक डाग. त्यांतलं बरंच निरुपद्रवी असतं, पण एकदा दिसलं की ते पालकांच्या मनातून जात नाही. पुढच्या तपासण्या, सुया, रात्रीची काळजी सुरू होते, आणि ज्या लंगडण्यासाठी कुत्रा आला होता ते बाजूलाच पडतं.

आता ते, ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. सीटीचा रिपोर्ट वाचून प्राण्याला कायमचं झोपवण्याचा निर्णय घेतला जातो, पेशींची एकही तपासणी न करता. कृपा करून असं होऊ देऊ नका. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, काय काय वेढते, रक्तवाहिनीत शिरली का, कापता येईल का, हे सीटी फार चांगलं सांगतो. ती नेमकी काय आहे, हे सुईतल्या पेशी किंवा ऊतींचा तुकडा सांगतो. प्लीहेतली मोठी, फुटलेली, भयंकर दिसणारी गाठ साठलेलं रक्त असू शकते. नाकात हाड खाणारा रोग बुरशीचा असू शकतो, आणि त्यावर औषध आहे. फुप्फुसातल्या अनेक गाठी काही वेळा बुरशीच्या किंवा परजीवींच्या असतात. लिम्फ ग्रंथी आकारानं नेहमीएवढी असली तरी तिच्यात कर्करोग पोहोचलेला असू शकतो, आणि सुजलेली असली तरी ती फक्त दाहानं सुजलेली असू शकते. मी रिपोर्टमध्ये ‘संभाव्य’ लिहितो तेव्हा तो शब्द मनापासून लिहिलेला असतो. पालकांपर्यंत पोहोचताना तो गळून पडू नये.

खर्चाचा विचार तुम्हालाच करायचा असतो, कारण पालक तुमच्यासमोर बसलेले असतात. सीटी महाग असतो. म्हणूनच प्रश्न आधी ठरवा. स्कॅनमधून जे कळेल त्यानं शस्त्रक्रिया, औषध किंवा निर्णय बदलणार नसेल, तर पालकांना ते सरळ सांगा आणि स्कॅन करू नका. हृदयाच्या आजारात इको, मूत्राशयातल्या खड्यांत एक्स-रे आणि सोनोग्राफी, गिळलेल्या वस्तूच्या बहुतेक प्रसंगांतही तेच पुरेसं असतं. मी सीटी वाचणारा माणूस असूनही हे लिहितो आहे, कारण ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याकडे तेवढे पैसे उरलेले असावेत.

तुमच्याकडून मला चिठ्ठीत काय हवं ते एवढंच : प्राण्याचं वय, जात, वजन, त्रास केव्हा सुरू झाला आणि कसा वाढला, तपासणीत तुम्हाला काय आढळलं आणि तुमचा संशय कशावर आहे, रक्ताचे आकडे, चालू औषधं, विशेषतः स्टेरॉइड, कारण ते लिम्फोमाचं चित्र पुसट करतात, आधीच्या शस्त्रक्रिया आणि शरीरात असलेली प्लेट किंवा मायक्रोचिप, कारण धातूभोवती पट्टे पडतात. जुने एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या मूळ फाइल पाठवा, त्यांचे मोबाइलनं काढलेले फोटो पाठवू नका. आणि शेवटी एका वाक्यात प्रश्न. वाक्य अपुरं वाटलं किंवा प्रश्नच नक्की ठरत नसेल, तर आधी फोन करा. दोघं मिळून तो ठरवू. स्कॅन झाल्यावर रिपोर्ट वाचून काही कळलं नाही, तुमच्या तपासणीशी जुळलं नाही, तरीही फोन करा. प्राण्याला हात लावून तुम्ही पाहिलं आहे, मी फक्त चित्रं पाहिली आहेत. तुमची तपासणी आणि माझा रिपोर्ट यांत विसंगती असेल तर मला ती चित्रं पुन्हा उघडायची असतात.

आपला,
प्रतिमा-निदानाचं काम करणारा तुमचा एक पशुवैद्यक सहकारी